बोलणाऱ्यांची नावं

सोमवार, ३ नोव्हेंबर

भोंगा! मला भोंगा म्हणतात!

जिना उतरत होते. खालच्या वळणावर माझ्याच सातवीतल्या पोरी — "पळा, भोंगा आला." ज्या वर्गात मी पाऊल ठेवलं की टाचणी पडली तरी ऐकू येते, त्या वर्गाने माझं हे बारसं केलंय. आदर म्हणून काही शिल्लकच नाही आताच्या पोरांत. पुढच्या तासाला अख्ख्या वर्गाला उभं केलं आणि घसा फाटेस्तोवर बोलले. कुणाची मान वर झाली नाही.

घरी आले तेव्हा घशातून नुसती हवा येत होती.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आवाज गेलाय. ह्यांनी सकाळी चहाचा कप हातात घेत म्हटलं, आज घर किती मोठं वाटतंय नाही? उत्तर तोंडात तयार होतं, पण बाहेर काही पडेना. भांडी आदळली. तेवढंच हातात होतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

घशाची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी आल्यात म्हणे. दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने ताण जास्त पडतो. नाही ऐकलं तर काय, असं मी कागदावर लिहून विचारलं.

"मग ऑपरेशन. आणि त्यानंतर आवाज पूर्वीसारखा येईलच, अशी खात्री मी देणार नाही."

केवढ्या शांतपणे म्हणाली! उभा जन्म मी ह्या आवाजावर भाकरी खाल्ली. तो गेला तर मी वर्गात उभी राहून काय करू, हात हलवू?

तिथून तडक शाळेत. मुख्याध्यापक म्हणाले, खुशाल रजा घ्या, तुमचा वर्ग आणि गणित चित्रकलेच्या सरांकडे देतो, वर्षअखेरपर्यंत राहू दे त्यांच्याचकडे. त्या माणसाकडे! त्याच्या तासाला पोरं जागेवरून उठतात, "सर, इकडे या ना" म्हणतात, आणि हा जातो! ब्रश आणून देणाऱ्या पोराला 'थँक्यू' म्हणतो! मी लिहिलं — रजा नको. मुख्याध्यापकांनी खांदे उडवले. करून बघा, पण वर्गातून गलका ऐकू आला तर त्याच दिवशी वर्ग त्यांचा.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

डस्टर टेबलावर आपटलं, सगळे गप्प. पुन्हा आपटलं, निम्मे गप्प. मग नुसतीच खडूची धूळ, आणि मागच्या बाकांवर खोटं खोकणं. फळ्यावर लिहायला पाठ केली की मागे बाजार भरतो.

त्यात ती रेडिओ. हे नाव मीच ठेवलंय, तिची खरखर कधी बंद होत नाही म्हणून. शिक्षकांच्या खोलीतही चहाबरोबर ते चांगलंच रंगलं होतं. ती चक्क म्हणाली, "भोंग्याची बॅटरी गेली." सगळा वर्ग खिदळला.

माझ्या फळ्याचा उजवा कोपरा 'बोलणाऱ्यांची नावं' ह्यासाठी कायमचा राखलेला आहे. बोललं की नाव आणि पुढे फुली, पुन्हा बोललं की आणखी एक, तीन फुल्या झाल्या की उरलेला तास दाराबाहेर. तिचं नाव लिहून तिन्ही फुल्या एका दमात मारल्या. खडू मोडला. ती दाराबाहेर उभी राहून काचेतून आत बघत होती.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

युक्ती काढली. मी लिहायचं, मॉनिटरने मोठ्याने वाचायचं. मुलगी शहाणी, आवाज खणखणीत. अपूर्णांकांची बेरीज चालू होती, सुरुवात छान झाली. मग रेडिओला फळ्यावर बोलावलं. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश — बाईसाहेबांनी अंशात अंश मिळवले, छेदात छेद मिळवले, आणि दोन पंचमांश लिहून मोकळ्या! इतके दिवस शिकवून हे!

तिच्या गणिताखालीच लिहिलं : अक्कल गहाण टाकलीस का? तुझ्यापेक्षा तुझा बाक हुशार आहे.

मॉनिटर वाचेना. मी त्या ओळीवर बोट आपटलं. वाच.

ती उभी राहिली. "बाई, हे मी नाही म्हणणार. ती माझ्या बाकावर बसते."

उर्मटपणा नाही, रडणं नाही. साधं सांगितल्यासारखं. आणि अख्ख्या वर्गात कुणी हसलं नाही! मी मॉनिटरचं नाव कोपऱ्यात लिहिलं आणि खुर्चीत बसून घंटेची वाट पाहिली. असा अपमान माझा आजवर कुणी केलेला नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

राग जात नाही. ह्यांना सगळं कागदावर लिहून दिलं, ते वाक्यही. ह्यांनी ते मोठ्याने वाचलं. मग परत वाचलं. स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीशेजारी, ते फारच घाण ऐकू आलं.

"असं रोज बोलतेस?"

मी मान डोलावली. हे म्हणाले, मला कुणी असं बोललं तर मी त्याच्या पंक्तीला बसणार नाही. मी कागद हिसकावून फाडला. ह्यांना शाळेतलं काय कळतंय! चाळीस पोरं एका खोलीत आवरून दाखवा म्हणावं.

रविवार, ९ नोव्हेंबर

अजून कानात वाजतंय ते वाक्य. ह्यांच्या आवाजात.

सोमवार, १० नोव्हेंबर

गेल्या गेल्या मॉनिटरचं नाव पुसलं. फळ्यावर लिहिलं : शुक्रवारी मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. गणित पुन्हा करू. लिहायला जिवावर आलं होतं, खोटं कशाला सांगू. मॉनिटरने खणखणीत वाचलं.

मग रेडिओने हात वर केला. तिचं म्हणणं, चुकलं तर चुकलं म्हणा, पण बाकाशी तुलना नको. घ्या! सातवीतली पोर मला अटी घालतेय! मस्तक फिरलं. तरी लिहिलं — मंजूर. माझीही अट आहे, भोंगा बंद. ती लगेच म्हणाली, मग रेडिओही बंद. मी तिच्याकडे पाहिलं, तिने नजर खाली घेतली नाही. ते नाव तिला इतकं लागत असेल, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. मंजूर.

मागून कुणीतरी म्हणालं, कोपऱ्याचा नियम सगळ्यांना हवा, बाईंनासुद्धा. मी लिहिलं : मला बोलताच येत नाही, माझं नाव येणार कुठून? हसले सगळे. मीही हसले, आवाज न करता.

ह्या वहीतही आता ती रेडिओ नाही. खिडकीजवळची.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज डस्टर आपटावं लागलं नाही. मी हात वर केला, पोरं आपसूक थांबली. याचाही रागच आला. मग इतकी वर्षं मी घसा कशासाठी फोडला?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

जोड्या करून पोरं एकमेकांना छेद समान करायला शिकवत होती. हळू आवाजात, पण चाळीस जण म्हटल्यावर गुणगुण होणारच. दार उघडून मुख्याध्यापक आत. हा काय बाजार मांडलाय, मी आधीच बजावलं होतं, वगैरे. खिडकीजवळची माझ्याशेजारीच उभी होती, वही दाखवायला आलेली. साहेबांचं लक्ष तिच्यावर गेलं.

"तूच ना ती रेडिओ? अक्कल गहाण टाकून येतेस म्हणे."

माझे शब्द. चहाच्या कपाबरोबर मीच वाटलेले, एकूण एक. पोरीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. करार मी मोडला, असं वाटलं असणार तिला.

अंगाचा असा तिळपापड झाला की डॉक्टर, गाठी, ऑपरेशन, सगळं गेलं खड्ड्यात. घशातून गंजलेल्या कडीसारखा आवाज निघाला, पण निघाला.

"सर, ती माझी विद्यार्थिनी आहे. माझ्या वर्गात तिच्याशी असं कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा नाही."

सोमवारी मधल्या सुट्टीत या, वर्गाचं काय ते ठरवू, एवढं म्हणून ते गेले. घशात आग. मी पाणी शोधायच्या आत मॉनिटरची बाटली समोर होती.

सोमवार, १७ नोव्हेंबर

डॉक्टरने यथेच्छ झापलं, मौन महिनाभर वाढवलं. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांकडे जायचंय. त्याआधी वर्गात गेले. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, खिडकीजवळचीच्या तिरक्या अक्षरात, एकच नाव — बाई. पुढे एक फुली.

पुसलं नाही. अजून दोन शिल्लक आहेत.