गच्चीवरची रेंज

कुंभार पिंपळगाव,
१ फेब्रुवारी २०२५

चि. अवधूत यास सत्यशीलाकाकूचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू ‘बघतो काकू’ म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहिते. लिहायला-वाचायला तुला मीच शिकवलं, तेव्हा एवढं तरी पूर्ण वाच.

तुझ्या ॲपवर काकांचा कालचा डायलिसिसचा नंबर गेला. सकाळी आठला नंबर सुटतात. आधी पेशंटचा चेहरा दाखवायचा, मग दोन मिनिटांत ओटीपी टाकायचा. चेहरा खाली कसाबसा टिपला जातो, पण ओटीपी येतो फक्त गच्चीवर. मी गुडघे धरत वर पोचेपर्यंत वेळ संपते. ज्यांनी जन्मात चारचौघांत टोपी काढली नाही, त्यांनी ती मोबाइलसमोर चारदा काढली. सेंटरवाले म्हणतात, ॲपवर नंबर नसेल तर खुर्ची नाही.

आरोग्य खात्यात एवढा मोठा साहेब झालास, एकदा इथे येऊन नंबर लावून दाखव.

लोभ असू दे, काकूवर रागावू नकोस.
सत्यशीलाकाकू

पुणे,
५ फेब्रुवारी

ती. सौ. काकूंस अवधूतचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून शाळेत कान धरल्यासारखं वाटलं. पण काकू, ॲप मी स्वतः तपासतो. ऑफिसात चाळीस सेकंदांत नंबर मिळतो. काकांना उजेडाकडे तोंड करून बसवा, गडबडू नका. कृती सोबत लिहून दिली आहे. या महिन्यात येणं जमणार नाही, नवीन जिल्ह्यांचं काम आलंय.

माया आहेच, ती वाढावी.
अवधूत

कुंभार पिंपळगाव,
१२ फेब्रुवारी

चि. अवधूत यास आशीर्वाद.

शेजारचा माऊली पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देते. गेल्या मंगळवारी जीपवाल्या अंगदने काकांना खुर्चीसकट गच्चीवर नेलं, तेव्हा कुठे नंबर मिळाला. शुक्रवारी अर्ध्या जिन्यातच त्यांना धाप लागली, खाली आणावं लागलं. कालचाही नंबर गेला. पाय सुजलेत. आडवं होता येत नाही, उशांना टेकून बसून असतात.

मी तुझ्यावर चिडले तर काका म्हणाले, पोराला बोलू नको, तो कधी आजारी माणूस घेऊन जिना चढला न्हाई, मंग त्याला कसं कळंल. मला मात्र तुझा राग येतो, आणि तुझ्याशिवाय कुणाकडे जावं तेही सुचत नाही. मी फार घाबरले आहे रे. ये.

काकू

जालना,
१४ फेब्रुवारी, दुपार

ती. सौ. काकूंस नमस्कार.

घरी फोन लागत नाही, म्हणून अंगदच्या जीपबरोबर चिठ्ठी पाठवतोय. आज सकाळी मी तिकडे आलो, तुम्ही खाली काकांना धरून बसला होता, तेव्हा वर काय झालं ते सांगतो. चेहरा दाखवून मी गच्चीवर पळायचो, ओटीपी येईपर्यंत दोन मिनिटं सरायची. असं चार वेळा झालं. माझे पाय धड, ॲप माझंच, तरी नंबर मिळाला नाही. शेवटी ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’ असं आलं तेव्हा मोबाइल फेकावासा वाटला. ते वाक्य मीच लिहिलेलं आहे.

नंबर नसताना तसंच काकांना घेऊन आलो, तर इथे सेंटरच्या काउंटरवरच्या ज्योत्स्नाताईंनीही अडवलं. मी त्यांच्या हातापाया पडलो. त्या म्हणाल्या, रेंज न्हाई त्या गावच्या पेशंटचं नाव आम्ही वहीत लिहून घेत होतो, पण डिसेंबरात वही बंद करा म्हणून वरून पत्र आलं.

काकू, त्या पत्रावर माझी सही आहे. वहीमुळे ॲपचा वापर कमी दिसत होता. ताईंना हे सांगायची हिंमत झाली नाही, तुम्हाला सांगतोय.

या सगळ्यात अर्धा तास गेला. आता नंबराशिवायच मशीन लावलंय, पण काका शुद्धीवर नाहीत. डॉक्टरांनी घरच्यांना बोलवायला सांगितलंय. याच जीपने लगेच निघा.

लोभ ठेवा, असं कुठल्या तोंडानं लिहू?

अवधूत