उरलेली सात पुस्तकं

प्रिय वहिनी,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. एकाच शहरात राहत होतो, पत्राची गरज कधी पडली नाही. आज लिहितेय, कारण रविवारी वारज्याला तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली आणि तिथे तुझ्या मेधानं माझंच कौतुक केलं. तेव्हापासून मला धड जेवण जात नाही.

मेधा म्हणाली, आई वाशीमकडच्या खेड्यातून दहावी होऊन पुण्यात आली आणि शैलाआत्यानं तिला पन्नास पुस्तकांची यादी करून दिली. त्या यादीनं आईला घडवलं. मग तिनं तो कागद सगळ्यांना दाखवला. माझ्या अक्षरातला, तू खडकी बाजारात नेऊन लॅमिनेट करून आणलेला. वर ठळक लिहिलेलं, 'वाचायलाच हवीत'. सोसायटी तुझ्या नावानं पुस्तकांचं कपाट करणार आहे. त्यावर तो कागद फ्रेम करून लावायचा आणि खाली माझं नाव घालायचं, असं ठरलंय. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. गुडघे दुखतात म्हणाले आणि बसून राहिले.

थकले गं वहिनी. तुझ्या आजारपणात रिक्षातून इतक्या फेऱ्या झाल्या, तेव्हा नाही थकले. त्या दिवशी लोक एकेक करून येऊन माझा हात हातात घेत होते ना, त्यानं थकले.

ती यादी कुठून आली ते तुला शेवटी कळलं. पण सगळं नाही कळलं. मेधा तेव्हा पाचेक वर्षांची असेल. मी कॉलेजात मराठी शिकवत होते आणि रविवारी तुमच्या खडकीच्या फॅक्टरी क्वार्टरवर जेवायला यायचे. त्या दिवशी माझ्यासमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. दादा बाहेर सायकल पुसत होता. तू चहाचा कप ठेवलास आणि तिथेच उभी राहिलीस. मग विचारलंस, "वन्सं, मी काय वाचू?"

तुला काय आवडतं, एवढंच मी उलट विचारायला हवं होतं ना? नाही विचारलं. मला तू लवकर स्वयंपाकघरात जायला हवी होतीस. माझ्या पिशवीत एक दिवाळी अंक होता. त्यात कुणा जाणकारानं प्रत्येक मराठी माणसानं वाचावीत अशी पन्नास पुस्तकं सांगितली होती. तू आत गेल्यावर मी ती एका कोऱ्या कागदावर उतरवली, चहा निवायच्या आत. अंक पुन्हा पिशवीत घातला. त्या पन्नासातली मी स्वतः नऊ वाचली होती.

तुला वाटलं, ही नावं मी तुझ्यासाठी विचार करून लिहिलीयेत. तू कागद दोन्ही हातांत धरलास. आता तो कुणी हातात घेतला की मला बघवत नाही.

पुढच्याच रविवारी पहिल्या पुस्तकापुढे बरोबरची खूण होती. कॉलनीच्या वाचनालयात मिळालं नाही, तर तू बसनं शहरात जायचीस. एक पुस्तक तुला चार वर्षं मिळत नव्हतं. शेवटी जुन्या पुस्तकांच्या फूटपाथवर सापडलं, तेव्हा तू तिथूनच फोन करून मला सांगितलंस. मी म्हटलं, अगं, एवढा काय आटापिटा? एक गाळलं तर काय बिघडेल? तू म्हणालीस, "घरातलं काम कधी संपत नाही, वन्सं. यादी संपते."

मलाही याद्यांची आवड होतीच. वर्तमानपत्रात आलेली पुस्तकांची प्रत्येक यादी मी कापून ठेवायचे, त्यांची एक फाईल होती. किती जाडजूड झाली होती माहितीये? यादी हातात आली की पुस्तकं वाचल्याचंच समाधान मिळायचं. चारचौघांत दहा-बारा नावं घेतली की काम भागायचं. खोदून कुणी विचारत नसे.

तू विचारायचीस. अमुक पुस्तकाचा शेवट तुम्हाला कसा वाटला? मी लगेच मास्तरीण व्हायचे आणि म्हणायचे, आधी तुला कसा वाटला ते सांग. तू भाजी निवडता निवडता सांगायचीस. इतकं नेमकं बोलायचीस की मी ऐकत राहायचे. आणि हे तुला कधीच सांगितलं नाही, वहिनी: सोमवारी वर्गात तुझी वाक्यं मी माझी म्हणून सांगायचे. एकदा नाही, अनेकदा. मुलं वहीत लिहून घ्यायची.

दादा गेल्यावर तू मेधाकडे वारज्याला आलीस. मग किडन्या बिघडल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. मी निवृत्त, एकटी. तुला न्यायला-आणायला येऊ लागले. एक हात मशीनला बांधलेला असायचा, दुसऱ्या हातात पुस्तक. यादीच्या लॅमिनेशनवर मार्करनं केलेल्या धरून त्रेचाळीस खुणा झाल्या होत्या. एक दिवस तू पुस्तक छातीवर पालथं ठेवलंस.

"आता डोळे साथ देत नाहीत," तू म्हणालीस. "उरलेली सात तुम्हीच सांगा थोडक्यात. तुमची वाचून झालीयेत. मग मी खुणा करते."

सातातलं एकही मी वाचलेलं नव्हतं.

तरी सुरू केलं. लाज वाटते सांगायला, पण केलं. परीक्षणांतून ऐकलेलं जुळवून सांगू लागले. एक शिक्षक असतो, तो बऱ्याच वर्षांनी गावी परततो, वगैरे. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मग डोळे न उघडता विचारलंस, "आणि त्याच्या आईचं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. काहीतरी ठोकून देता आलं असतं, पण तुझ्या दंडाला लावलेल्या नळ्यांकडे नजर गेली आणि मला ते जमेना. म्हटलं, "मी वाचलेलं नाही ते, वहिनी."

"आणि बाकीची सहा?"

तीही नाहीत म्हटलं. मग दिवाळी अंकाचंही सांगून टाकलं.

तू छातीवरचं पुस्तक मिटून बाजूला ठेवलंस. मग म्हणालीस, "त्यातली निम्मी मला आवडली नव्हती, वन्सं. वाटायचं, तुम्ही लिहून दिलंय म्हणजे चांगलंच असणार. माझंच डोकं कमी पडतंय. तीस वर्षं असं वाटत होतं."

एवढं बोलून तू तोंड भिंतीकडे केलंस.

एकदा तरी म्हणायचंस ना गं, की हे आवडलं नाही म्हणून? पण कुणाला म्हणणार होतीस? 'वाचायलाच हवीत' असं मीच वर लिहून ठेवलेलं.

त्यानंतर तीन आठवडे तुला मेधाचा नवरा नेत होता. मी फोन केला की मेधा सांगायची, आई झोपलीये. तिला काही माहीत नव्हतं, हे आता रविवारी कळलं. तू तिला सांगितलं नाहीस. मला वाचवलंस, की तुला त्यावर बोलायचंच नव्हतं?

चौथ्या आठवड्यात तूच फोन केलास. म्हणालीस, येताना एखादं पुस्तक आणा आणि वाचून दाखवा. ते चांगलं आहे की नाही, हे मात्र सांगू नका.

मी माझं फार आवडतं पुस्तक आणलं. खरोखर वाचलेलं. वीसेक पानं झाली असतील, तू म्हणालीस, "बंद करा. कंटाळा आला." पलीकडच्या नर्सनं वळून पाहिलं. आणि तुझा चेहरा, वहिनी! इतकं खूश मी तुला मेधाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. पुढची तीन पुस्तकंही तू बंद करायला लावलीस, एक तर दुसऱ्याच पानावर. मला राग आला होता, खरं सांगते. घरी जाऊन मी एकटीच बडबडले.

पाचवं मला रद्दीवाल्याकडे मिळालं. एक जुनी रहस्यकथा, पहिली पानं आणि कव्हर गायब, त्यामुळे कुणाची ते कळायला मार्ग नाही. ती तू शेवटपर्यंत ऐकलीस. तिसऱ्याच प्रकरणात म्हणालीस, हे काम त्या डॉक्टरचं आहे. निघालंही तसंच. ते तू नर्सला सांगितलंस, मेधाला सांगितलंस, परत येताना रिक्षावाल्यालासुद्धा सांगितलंस. पंधरा दिवसांनी तू गेलीस.

मला माफ केलंस का, ते तू बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. आपण दोघी पुस्तकाबद्दलच बोलत राहिलो.

उद्या मी वारज्याला जाणार आहे. मेधाला समोर बसवून सगळं सांगणार आहे. दिवाळी अंक, तेव्हाची माझी नऊ पुस्तकं, वर्गात चोरलेली तुझी वाक्यं, सगळं. ती चिडेल. एक शब्द न बोलता वाळलेले कपडे आणून घड्या घालत बसेल, तिची सवय तुला माहीत आहे. तोवर मी तिथेच बसून राहीन, उठून येणार नाही. कपाटावर काय लावायचं ते तिनं ठरवावं. माझं नाव मात्र मी लावू देणार नाही.

मग ती विचारेल, आईला यातली कुठली आवडली होती? तेवढीच कपाटात ठेवू या. कागदावरच्या खुणा तर सगळ्या सारख्याच आहेत. तेव्हा मला सांगावं लागेल की शेवट कसा वाटला ते मी विचारायचे, पण आवडलं का, हे तीस वर्षांत तुला एकदाही विचारलं नाही. तेही सांगेन, वहिनी. काही लपवणार नाही, हा शब्द देते.

तुझीच वन्सं,
शैला