पुसलेली पानं

तीर्थरूप आईस,
लांबूनच, पण वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. काचघरातलं काम अंगवळणी पडलंय. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना?

परवा मात्र घोळ झाला. तू घरी पुसायचीस तशी मी रोपांची पानं साबणाच्या फडक्याने खसखसून पुसली. सकाळी बघते तर माती ओलीगच्च आणि पानं वाळून चुरा. काचघर सांभाळणाऱ्या बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "पानावरचा मेणाचा थर पाणी आत धरून ठेवतो. मुळांमध्येही तसाच पडदा असतो, आत आलेलं पाणी तो परत मातीत जाऊ देत नाही. तू पानांचं दारच काढून नेलंस."

तेव्हापासून माझ्या हातांवर पाणी ठरत नाही, अळवावरून घरंगळावं तसं जातं. आता तोंड धुतानाही तसंच होतं. दुखत काही नाही, काळजी करू नकोस. तहानही लागत नाही.

काल तुझं पत्र वाचून रडू कोसळलं. गालांना हात लावला तर कोरडे. डोळे काठोकाठ भरलेले, पण थेंब बाहेर येईना. अजून तसेच आहेत. त्या पाण्याआडूनच हे लिहितेय, ओळी वाकड्या गेल्या तर सांभाळून घे.

तुझी,
थोरली