पोरगी इसरते कधी कधी

बाबा, त्या दुपारी दवाखान्यात डॉक्टरांपुढे तुम्ही माझ्याबद्दल एक वाक्य बोललात. त्या वाक्यासाठी आज लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षांवर झाली, माय जाऊनही बारा झाली. त्या दिवशी त्या खोलीत जे होते, त्यांच्यातली आता मी एकटी उरले. नोकरीतून रिटायर झाले, गुडघे दुखतात, नातवंडं आहेत. या वयात माणसानं राग सोडून द्यावा असं लोक म्हणतात. मी पुष्कळांवरचा सोडला. तुमच्यावरचा सुटत नाही.

पहिल्यांदा तुम्हाला फिट आली तेव्हा मी पाचवीत होते. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता आणि तुम्ही जिथला ट्रक चालवायचे त्या कारंज्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, पुन्हा कापूस यायला लागला होता. सकाळची वेळ. तुम्ही अंगणात भिंतीला आरसा टेकवून दाढी करताय, मी बाजूला दात घासतेय. एकदम तुमच्या घशातून एक आवाज निघतो, माणसाचा वाटू नये असा, आणि तुम्ही आडवे पडता. हातपाय झटके खातात, तोंडाला फेस, गालाला वस्तऱ्याची चीर. शेजारच्या बाया धावल्या. एकीनं कांदा फोडून नाकाशी धरला, एका माणसानं चप्पल धरली, दुसऱ्यानं दातखीळ उघडायला चमच्याचा दांडा घातला. तुमचा पुढचा दात तुटला तो मिरगीनं नाही, त्या चमच्यानं. जरा वेळानं तुम्ही डोळे उघडले आणि आम्हाला ओळखलं नाही. मला विचारलं, "तू कोनाची वं?"

माय रडत म्हणाली, धनजला नेऊ, तिथं एक जाणता आहे, तो उतरवून देतो. तुम्ही खाटेवर उठून बसलात. अजून नीट बोलता येत नव्हतं, तरी म्हणालात, "देव सोडून देल्ले आपन. मंग आंगात येईन कोन?" त्या वाक्याचा मला किती अभिमान वाटला होता, बाबा. शाळेत मैत्रिणींना सांगत होते. माझे बाबा अंगात येणं मानत नाहीत, माझे बाबा डॉक्टरकडे जातात.

सरकारी दवाखान्यातले ते डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलायचे. मायला वाचता येत नाही हे कळल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. वर्गात मास्तर नसले की काय होतं, विचारलं. मी म्हटलं, सगळे एकदम बोलतात. ते म्हणाले, यांच्या डोक्यात तसंच होतं, दोन-चार मिनिटं, मग आपलं आपण शांत होतं. त्यात भूत नाही, देव नाही, कुणाचं पाप नाही. परत आली तर कुशीवर वळवायचं, गळ्याचं बटण सोडायचं, डोक्याखाली कापडाची घडी द्यायची. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, नीट शुद्धीवर आल्याशिवाय पाणी पाजायचं नाही. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर इकडे आणायचं. आणि गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक. एकही चुकवायची नाही आणि बरं वाटलं म्हणून बंद तर मुळीच करायची नाही. हे सगळं त्यांनी माझ्याकडून परत म्हणवून घेतलं. मग तुमच्याकडे वळून म्हणाले की झोप पुरी घ्यायची, विहिरीच्या काठावर बसायचं नाही, आणि ट्रक आजपासून बंद.

तुम्ही मान हलवलीत. आठवड्याभरानं घरी सांगितलंत की शेठजींनी तुम्हाला जिनाच्या काट्यावर, कापूस मोजायला बसवलं. मायनं सुस्कारा सोडला. अंगावरचं डायवरचं खाकी मात्र तुम्ही बदललं नाही, आणि मीही विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं. पण अकरा वर्षांच्या मुलीनं बापाला काय काय विचारायचं? मी माझं काम करत होते. सकाळी भाकरीआधी गोळी तुमच्या हातावर ठेवायची, पाण्याचा गिलास द्यायचा, तुम्ही घोट घेईपर्यंत उभं राहायचं. तुम्ही तोंड उघडून दाखवायचे, तुटका दात दिसायचा, मी हसायचे. मग तुम्ही चूळ भरायला न्हाणीकडे जायचे. मला वाटायचं, आपल्या घरातलं सगळ्यात मोठं काम माझ्याकडे आहे.

पुढच्या हंगामात मी धनजला मावशीकडे गेले होते. परत येताना रस्त्यावर एसटीची वाट बघत उभी होते आणि जिनाचा ट्रक येऊन थांबला. स्टेअरिंगवर तुम्ही. मला आधी तुम्ही दिसल्याचा आनंदच झाला, भीती नंतर वाटली. वर ओढून घेतलंत, केबिनमध्ये बसवलंत. मागं कापूस, त्यावर दोन-चार माणसं. मी म्हटलं, डॉक्टर नाही म्हणाले होते. तुम्ही गियर टाकलात आणि माझ्याकडे बघून हसलात.

"काट्यावर बसून माह्यं मन लागत नाई, बाई. आन् तू देते न रोज गोयी? मंग मले काय होईन?"

मग म्हणालात, "मायले सांगू नको."

मी सांगितलं नाही. तुम्ही काय करत होतात ते मला आता पुरतं दिसतं. तुमच्या बापाला गावात ज्यांच्या ओट्यावर टेकता येत नव्हतं, ती माणसं रस्त्यात हात करून तुमच्या केबिनमध्ये जागा मागायची, तुम्हाला डायवर साहेब म्हणायची. आपल्या घरातला तुम्ही पहिला माणूस, ज्याच्या हातात दुसऱ्याच्या बैलांचा कासरा नव्हता. ते चाक सोडणं तुम्हाला किती जड गेलं असेल हे मला समजतं. पण त्या दिवशी तुम्ही त्या चाकाची, मागं बसलेल्या माणसांची, सगळ्यांची हमी माझ्या गोळीवर टाकलीत, आणि ती गोळी आपण गिळत नाही हे तुम्हाला माहीत होतं. हे मात्र मला अजून समजत नाही. माझ्याकडे बघून, हसून, तुम्हाला ते बोलवलं कसं?

शेवटच्या वेचणीच्या दिवसांत तो अपघात झाला. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरच्या बाया वेचणीहून परत निघाल्या होत्या, तुम्ही त्यांना कापसावर बसवून घेतलं होतं. भरदिवसा, सरळ रस्त्यावर ट्रक खाली उतरला आणि बाभळींत घुसून नाल्याच्या कडेला कलंडला. बाकीच्या कापसात पडल्या म्हणून वाचल्या. एक बाई मात्र दगडांवर आपटली, तिचं मांडीचं हाड मोडलं. तुमच्या कपाळाला खोक पडली होती. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा तुम्ही शुद्धीवर होतात आणि माय एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, ट्रकवर कसे, तुमी तर काट्यावर होते. तेव्हा तिला ते कळलं. शेजारच्या खोलीतून त्या बाईचं ओरडणं येत होतं.

डॉक्टर आले. तेच डॉक्टर. नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी टाकली आणि विचारलं, गोळी चुकत होती का?

मला वाटलं, तुम्ही म्हणाल, नाही, माझी मुलगी रोज देते. मी तेच ऐकायला उभी होते. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "पोरगी इसरते कधी कधी."

मायनं माझ्याकडे बघितलं. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, असं विसरायचं नसतं, बाळा. मी तोंड उघडलं नाही. पलीकडे ती बाई ओरडत होती आणि मला वाटत होतं की तिचा पाय मी मोडला.

पोलिसांत ब्रेक लागला नाही असं लिहिलं गेलं. तुमचं लायसन गेलं नाही, पण शेठजींनी ट्रक काढून घेतला आणि तुम्हाला या वेळी खरोखरच खाली बसवलं, काट्यावर नाही तर जिनाच्या फाटकावर राखणीला. घरात गोळी द्यायचं काम मायनं स्वतःकडे घेतलं. तिनं गोळ्यांचा डबा माझा हात पुरणार नाही अशा फळीवर ठेवला. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. मी रोज सकाळी भाकरी थापता थापता तिला तो डबा काढताना बघायची.

मे महिन्यात, पावसाळ्याआधी, मायनं मला न्हाणीची भिंत लिंपायला सांगितलं. दगडांच्या फटींतली जुनी माती बोटांनी उकरत होते. एका फटीतून पांढरं काहीतरी निघालं, खडूच्या भुग्यासारखं. अजून उकरलं तर गोळ्या. काही विरघळून एकमेकींना चिकटलेल्या, काही अजून अख्ख्या. वर्षभराच्या असतील. मी माखलेल्या हातांनी तिथंच बसून राहिले. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की मी नाही. त्या बाईचा पाय मी नाही मोडला. आणि लगेच दुसरं आलं, की तुम्हाला हे माहीत होतं.

माय बाजारात गेली होती. तुम्ही फाटकावरून जेवायला आलात आणि मी त्या गोळ्या तुमच्या ताटाशेजारी ठेवल्या. तुम्ही घास हातात तसाच धरून बसलात.

"दिवसाची तेवढी थुकत होतो," तुम्ही म्हणालात. "पेंग येत होती, बाई, गाडीवर डोये मिटत. रातची घेत होतो."

मी म्हटलं, "मायले सांगा."

"सांगतो."

तुम्ही ताट बाजूला सारलंत, त्या गोळ्या खिशात घातल्यात आणि निघून गेलात. मी त्या संध्याकाळी वाट बघितली. दुसऱ्या दिवशी बघितली. मग पावसाळाभर बघितली. मायसमोर तुम्ही माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होतात, शाळेचं विचारत होतात, यात्रेतून मला बांगड्या आणल्यात. त्या मी एकदाही घातल्या नाहीत, आणि का घालत नाही हे तुम्ही एकदाही विचारलं नाही.

माय देत होती त्या गोळ्या तुम्ही खरंच गिळल्यात. दुसऱ्या वर्षी एकच फिट आली, मग एकही नाही. कावीळ होऊन गेलात तोपर्यंत सहा वर्षं निघाली होती. शेवटच्या आठवड्यात तुम्ही मला खाटेजवळ बसवून घेतलंत, मायला बाहेर पाठवलंत. मला वाटलं, आता ते बोलाल. तुम्ही विचारलंत, नर्सच्या कोर्सचा फॉर्म आला का? मी म्हटलं, आला. तुम्ही म्हणालात, चांगलं झालं. एवढंच.

नर्स झाले. मानोरा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नोकरीची बरीच वर्षं काढली. मिरगीचे पुष्कळ पेशंट माझ्या हाताखालून गेले. मी त्यांना गोळी घेतली का असं कधी पहिल्यांदा विचारलं नाही. पहिल्यांदा विचारायची, झोप येते का? बऱ्याच जणांचं तोंड तिथंच उघडायचं. एक शिंपी होता, सुई बोटात जाते म्हणून गोळी उशीखाली सारायचा. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी सगळी गोळी रात्री झोपताना घ्यायला लावली, महिन्याभरात त्याची पेंग कमी झाली. हे इतकं सोपं होतं, बाबा. डॉक्टरांना एकदा म्हणायचं होतं की साहेब, पेंग येते. ट्रक तरीही सोडावा लागला असता, हे खरं आहे. पण त्या बाईचा पाय धड राहिला असता, आणि मी तुमची मुलगी राहिले असते, जशी त्याआधी होते तशी.

ती बाई पुढं काठी घेऊन कारंज्याच्या बाजारात यायची. सत्य कळल्यावरही मी तिला बघितलं की रस्ता ओलांडून पलीकडे जायची. एकदा माणसाच्या हातून एखादी गोष्ट झाली असं सगळ्यांनी मानलं, की ती त्याच्याच अंगाला राहते.

माय शेवटी माझ्याकडेच होती. एका दुपारी केस विंचरून घेताना तिनं विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"काहून इसरत होती वं तू?"

माझ्या हातात फणी होती. मी म्हटलं, "लहान होती न, माय." ती म्हणाली, "हो, लहानच होती." आणि डोळे मिटून घेतले. तुम्हाला वाचवायला मी तसं बोलले असं समजू नका. तुमच्याबरोबर जगलेलं तिचं आयुष्य त्या वयात मोडायला नको वाटलं, म्हणून बोलले. तुमचं खोटं माझ्या तोंडून तिला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं, आणि तेही तिनं खरं मानलं.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. मुलांना त्यांचे आजोबा जिनाचे डायवर होते एवढं माहीत आहे, ते पुरे.

एक मात्र राहिलं. दवाखान्यात तुम्ही ते वाक्य बोललात तेव्हा मी गप्प का राहिले, हे मी आजवर स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. भीती होती, लाज होती, ते आहेच. पण अपघाताच्या आधी एकदा, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या सकाळी, डोक्यात नाचाचं होतं, केसांत फुलं माळायची घाई होती, आणि मी तुम्हाला गोळी न देता पळाले होते. संध्याकाळी आठवलं. तुम्हाला काही झालं नव्हतं, म्हणून कुणालाच सांगितलं नाही. मी दिली असती तरी तुम्ही ती थुंकलाच असता, हे मला पुरतं माहीत आहे. तरी त्या एका दिवशी मी खरंच विसरले होते, बाबा.