माश्यांना पाक देण्याच्या तीन पद्धती

१८ जुलै, सकाळी ६.१०
आजपासून शास्त्रीय नोंद. पेट्या चार, मधमाश्या सातेरी जातीच्या, संशोधक एक. पेट्या देणाऱ्या संस्थेचे साहेब सांगून गेलेत: पाऊस सरून शेतात खुरासणी फुलेपर्यंत चारही पेट्या जगव, मग खोडाळ्याच्या सेंटरला तूच ट्रेनर. नाहीतर दिवाळीनंतर पुन्हा भिवंडीचं गोडाऊन. भिवंडीला जाणार नाही. म्हणजे नाहीच.

पावसात फूल नाही, माश्या उपाशी. बायको, रविना, म्हणते मे महिन्यात तीन पेट्यांतला सगळा मध तूच काढलास. सरपंचांना, एसटीच्या कंडक्टरला बाटल्या वाटल्या तेव्हा गप्प होती. गप्प नव्हती, पण हळू बोलत होती.

२० जुलै
पद्धत अ. पाकाची बाटली पेटीत उलटी, झाकणाला भोकं. भोकं मोठी पडली. बऱ्याच माश्या बुडाल्या. मोजायचा धीर झाला नाही.

चौथ्या पेटीला रविना हात लावू देत नाही. त्या पेटीतला मध मे महिन्यातही काढू दिला नव्हता. असू दे. प्रयोगात एक पेटी तशी लागतेच. कंट्रोल.

२६ जुलै
पद्धत ब. ताटलीत पाक, वर काड्या. मुंगळेच मुंगळे! आई म्हणाली, पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेव. म्हटलं, उद्या.

भाताच्या आवणीला गेलो नाही, पेट्या सोडून कसा जाणार? आई माझ्याशी घरची बोली सोडून मराठीत बोलली, पाहुण्याशी बोलतात तशी. म्हणजे फारच चिडलीय.

२ ऑगस्ट, ९.४०
उघाड आहे. पद्धत क, माझी स्वतःची: ओट्यावर परातभर पाक, सगळ्यांना खुला. प्रचंड यश!

१०.१५
यश जरा जास्त. माश्या एकमेकींना मारतायत, पेट्यांत घुसून लूट चाललीय. उघड्यावर पाक ठेवू नका, असं साहेब ट्रेनिंगला म्हणाले होते म्हणे. मी तेव्हा चहाला गेलो होतो.

११.००
दार बंद. आत मी, आई, रविना, दोन कोंबड्या. माझ्या अंगावर पाक सांडलाय, म्हणून मी मच्छरदाणीत.

१.३०
अजून आतच. जीव गुदमरतोय. भिवंडीत एका खोलीत आठ जण झोपायचो, तसंच वाटतंय. देवा, तिथं परत नको.

रविनाने सकाळीच चौथ्या पेटीचं तोंड मातीने लहान केलं होतं, एका वेळी एकच माशी शिरेल इतकं. मला न विचारता.

५ ऑगस्ट
पहिल्या दोन पेट्या रिकाम्या. माश्या उठून गेल्या. तात्पुरत्या गेल्या असाव्यात.

९ ऑगस्ट
तिसरीही. नोंद: रजेवर.

१२ ऑगस्ट
साहेब न सांगता आले. तीन पेट्या उघडल्या, रिकाम्या. चौथी उघडली, भरलेली. रविनाला विचारलं, हिला काय दिलंत? ती म्हणाली, काही नाही, हिचं हिच्याकडे राहू दिलं. मी म्हटलं, सर, प्रयोगाची आखणी माझी होती. साहेब हो म्हणाले आणि ट्रेनर म्हणून रविनाचं नाव लिहून घेतलं.

लाज वाटली. खरंच वाटली.

१७ ऑगस्ट
खोडाळ्याच्या सेंटरला जायला रविनाची पहिली जीप साडेआठची. काल म्हणाली, भिवंडीला जाऊ नको, घरी राहा, नागलीची निंदणी बघ. सुटलो! डोळ्यांत पाणीच आलं.

जाताना तिने चौथ्या पेटीला साखळी घालून कुलूप लावलं. किल्ली आईकडे दिली.