हलीमाच्या आईने पातं नदीत टाकलं

शुक्रवार, ७ फेब्रुवारी १९५८
परळ

हलीमा उद्याच्या बोटीने सुदानला परत जाणार. आमच्या इस्पितळात सुईणीचं शिक्षण पुरं झालं तिचं. संध्याकाळी खाली रस्त्यावर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' चाललं होतं आणि ही शांतपणे ट्रंक भरत होती. मी सहज विचारलं, तिकडे जाऊन काय करणार?

"सिस्टर, आमच्या गावात मुलींची सुंता करतात. ती थांबवायचीय."

तिची आईच गावची सुईण. तीच पातं चालवायची. थोरल्या लेकीवरही चालवलं. रक्त थांबेना, पोर गेली. त्या दिवशी आईने पातं नदीत टाकलं. हलीमा त्यामुळे वाचली. गावाने त्यांच्याकडे येणंजाणं सोडलं, पण आई बधली नाही. मला राहून राहून तीच दिसतेय, पातं नदीत टाकणारी बाई. कुठून आणलं असेल एवढं बळ? आमच्या आत्याचं केशवपन झालं तेव्हा घरात कुणी तोंड उघडलं होतं? रीतच ती, म्हणे.

"पण लोक ऐकतील तुझं?"

"लगेच नाही. आधी बाळंतपणं करीन. बाई माझ्या हातून सुखरूप सुटली, की मग तिच्या लेकीबद्दल बोलेन. माझ्या मावशीने तर शब्दही दिलाय, तिच्या लेकीला, आमनाला, कुणाला हात लावू देणार नाही."

"म्हणजे एकच घर?"

हलीमा हसली. "आईच्या वेळी आमचं एकटंच होतं, सिस्टर. आता दोन झाली."