बाबांचा पॅक, नंबर पाच

९ ऑगस्ट

बाबांचा गेन आज तीनवर न्यावा लागला.

बाबांचा! अकरा वर्षं त्यांच्या पाठीला मीच माइकचा पॅक बांधते, आणि अकरा वर्षं तो शून्यावर. बाकीच्यांना पॅकमध्येच आवाज थोडा उचलून द्यावा लागतो — वकिलाचं काम करतो त्याला सहा, नायिकेला नऊ, ती बिचारी देवाने दिलं तेवढंच बोलते. बाबांना कधी नाही. उलट दुसऱ्या अंकात त्यांचा न्यायाधीश गरजला की माझ्या टेबलावर लाल दिवा पेटायचा आणि मी धावपळ करून आवाजाचा फेडर खाली ओढायची. आज लाल सोडाच, हिरवे दिवेसुद्धा अर्ध्यावर थांबले.

विंगेत विचारलं, "घसा बसलाय का?"

"कोणाला विचारतेस? अण्णांना की बाबांना?" कंपनीत ते सगळ्यांचे अण्णा. घरी बाबा.

"दोघांना."

"दोघेही ठणठणीत आहेत. तू तुझी डबी सांभाळ."

डबी म्हणजे पॅक. मध्यंतरात तीनवर नेला. कोणाला काही कळलं नाही. नोंदवहीत लिहिलं — पॅक ५, अण्णा, गेन ३.

१० ऑगस्ट

प्रयोग. तीन. ठीक.

१७ ऑगस्ट

आज दुसरं नाट्यगृह, म्हणजे सगळं पहिल्यापासून. हवेत कुठल्या लहरीवर दुसऱ्या कोणाचं काही चालू नाही ते शोधायचं. मग पॅक आणि त्याचा आवाज पकडणारी टेबलाशेजारची पेटी त्या एकाच लहरीवर जुळवायची. सेल नवे — जुने कितीही भरलेले दिसले तरी नवेच. वायर खोचून आटा फिरवायचा. कपडेपटातल्या मावशींनी झग्याच्या आत पाठीला खिसा शिवलाय, त्यात पॅक, वर घामासाठी प्लास्टिकची पिशवी, अँटेनाची शेपटी सरळ खाली. माइक कपाळावर केसांच्या कडेला, चिकटपट्टीने. शेवटी बटणांना कुलूप, म्हणजे अण्णांनी चुकून दाबलं तरी बंद पडायला नको.

एवढं झालं की मी म्हणते, "बोला." आणि ते म्हणतात, "आरोपी हजर आहे का?" वर्षानुवर्षं तेच. पूर्वी हे वाक्य माइक बंद असला तरी बाल्कनीत पोचायचं. आज माइक चालू होता म्हणून पोचलं.

३० ऑगस्ट

सहा.

पेपरात छापून आलंय. मॅनेजरने मेकअपच्या खोलीत उभं राहून वाचून दाखवलं — अण्णांच्या न्यायाधीशाच्या आवाजात या खेपेला एक नवी खरखर आहे, थकलेल्या माणसाचा घोगरेपणा आहे, वगैरे. बाबा आरशातूनच म्हणाले, "चाळीस वर्षं घासावं लागतं, तेव्हा येतो तो." सगळे हसले. मीही हसले.

त्या खरखरीतला कानाला टोचणारा भाग मी टेबलावर कापून टाकते. जो शोभतो तेवढा ठेवते. म्हणजे अर्धं कौतुक माझंच!

घरी आई वेगळ्याच आनंदात. "पूर्वी बाथरूममधून टॉवेल, टॉवेल म्हणून गल्ली उठवायचे. आता दारावर टकटक करतात. म्हातारपणी का होईना, माणूस सुधारला बाई!"

१४ सप्टेंबर

नऊ. नायिकेच्या पंक्तीला येऊन बसले.

नऊवर भलतंच काहीबाही ऐकू येतं. झग्याचं रेशमी अस्तर सळसळतं. मावशींना सांगितलं, त्यांनी कारण विचारलं नाही, सुती लावून दिलं. शेजारी उभ्या असलेल्यांची वाक्यंही बाबांच्या माइकात शिरतात. त्यामुळे बाबा गप्प असले की माझं बोट खाली, त्यांनी श्वास घेतला की वर. अख्खं नाटक हे असं, एकेका श्वासावर. डोळे फुटायची वेळ येते. पण प्रेक्षकांत कोणाला पत्ता नाही. खोटं कशाला बोलू — मला माझाच अभिमान वाटला.

प्रयोगानंतर पॅक सोडताना बाबा म्हणाले, "आज छान लागला होता आवाज." अकरा वर्षांत पहिल्यांदा. कोणाचं कौतुक केलं, देव जाणे.

मॅनेजरने बाहेरगावचे चाळीस प्रयोग ठरवलेत. "अण्णांचा आवाज खणखणीत आहे तोवर फिरून घेऊ," म्हणाला.

सांगायला हवं होतं का? बाबांना सांगितलं तर अंगावर येतील. मॅनेजरला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी दुसरा न्यायाधीश उभा करेल, आणि घरी बसवलेले बाबा — नको. डॉक्टरांकडे चला, एवढं मी म्हणाले. "पुढच्या आठवड्यात," बाबा म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीही माझ्याच हाताची.

२२ सप्टेंबर

"डॉक्टर?"

"पुढच्या आठवड्यात."

४ ऑक्टोबर

बारा. आणि शिट्टी वाजली!

बाबा बोलता बोलता पुढच्या स्पीकरच्या समोर आले आणि कानाला दडे बसतील अशी शिट्टी. बाकी कोणाचा पॅक असता तर काही झालं नसतं. बाराचा होता. लोक हसले. निकालपत्राच्या वाक्यावर! बाबा दोन पावलं मागे सरकले आणि पुढे बोलायला लागले.

मॅनेजर तावातावाने आला. "काय झालं?"

"पॅक खराब झालाय," मी म्हणाले. तोंडातून सहज निघालं. बाबा शेजारीच झगा उतरवत होते. बटणं सोडत राहिले.

"मग बदल ना! अण्णांची अब्रू जाते इथे."

पॅक बदलला. नव्या पॅकवर पाचचा आकडा चिकटवला आणि गेन बारा लावला.

११ ऑक्टोबर

पंधरा. याच्या पुढे फार उरलेलं नाही.

१९ ऑक्टोबर

वकिलाचं काम करणारा सोडून गेला. नवीन माणसासाठी तालीम ठेवली. तालमीच्या खोलीत माइक लागत नाहीत, बारा खुर्च्या आणि एक पंखा. माझं तिथे काम नव्हतं, तरी गेले. दाराशी बसले.

बाबा बोलायला लागले आणि सगळ्यांनी वर बघितलं.

गेल्या दोन महिन्यांत त्यांच्यापैकी कोणी बाबांचा आवाज असा ऐकलाच नव्हता. स्टेजवरही त्यांना स्पीकरमधूनच ऐकू यायचं, आणि स्टेजबाहेर बाबा हल्ली मोजकंच, हळू बोलायचे. आता चार हातांवर बसलेला माणूस, आणि कागद चुरगळल्यासारखा आवाज. नवा वकील तर वाकून ऐकत होता. पंखा कोणीतरी बंद केला. मग तर आणखी वाईट.

"अण्णा, घसा बसला वाटतं," मॅनेजर म्हणाला.

"कालपासून जरा," बाबा म्हणाले.

मावशी कोपऱ्यात झग्याची बटणं लावत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

२१ ऑक्टोबर

आईने हट्टच धरला. तिघं गेलो. डॉक्टर बाई तरुण आहे, सावकाश बोलते. नाकातून नळी घालून बघितलं.

"आवाज कधीपासून असा आहे?"

"आठवडा झाला असेल," बाबा.

"आठवड्यात एवढं होत नाही. तीन-चार महिने तरी झालेत. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?"

आई म्हणाली, "कसं येणार हो? प्रयोगाला दर वेळी मी शेवटच्या रांगेत बसते. शब्दन् शब्द ऐकू यायचा!"

मी पर्स मांडीवर धरून बसले होते. तिची चेन उघडत होते, मिटत होते.

२६ ऑक्टोबर

तपासणीचं उत्तर आलं. गाठ वाईट आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, बाईंना खात्री आहे. आवाज जाईल. सुरुवातीलाच आणलं असतं तर किरणांवर भागलं असतं, म्हणाल्या, आवाजही राहिला असता.

आई बाहेर येऊन बाकावर बसली आणि रडली. बाबांनी तिची पाठ थोपटली. मी औषधांच्या रांगेत उभी राहिले. समोरच्या माणसाच्या शर्टाची शिवण उसवली होती, ते बघत.

२७ ऑक्टोबर

नोंदवही काढून बसले. ९ ऑगस्ट — ३. ३० ऑगस्ट — ६. १४ सप्टेंबर — ९. ४ ऑक्टोबर — १२. ११ ऑक्टोबर — १५. माझंच अक्षर, सुबक. डॉक्टर बाईंना हवं होतं ते सगळं यात आहे, तारखांसकट. जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाने काय केलं? आवाज वाढवला. इतका छान वाढवला की त्यांच्या बायकोलाही कळू दिलं नाही.

आतून काही होईल म्हणून वाट बघितली. काही झालं नाही. भांडी घासली.

३ नोव्हेंबर

ऑपरेशन झालं. सहा तास. नीट झालं, म्हणतात.

५ नोव्हेंबर

गळ्याला भोक आहे, तिथून श्वास. त्यावर पातळ फडकं. खोकले तर तिथूनच. बाबांना लिहायला पाटी दिलीये, लहान मुलांची असते तशी. पहिलं काय लिहिलं — "चहा?" नर्स हसली. नळीतून जेवण चाललंय त्यांचं.

मला काही वाटत नाही. खरंच नाही. हे चांगलं की वाईट, तेही कळत नाही.

१३ नोव्हेंबर

प्रयोग. नवा न्यायाधीश पंचेचाळिशीचा आहे, झगा त्याला घट्ट होतो. मावशींनी बाजू उसवून दिल्या. पॅक बांधला, शेपटी सरळ केली, माइक चिकटवला. "बोला," म्हटलं. "हॅलो हॅलो, एक दोन तीन," म्हणाला. गेन शून्य. लाल दिवा लागला, फेडर खाली ओढला.

मावशींनी डबा पुढे केला. "सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाहीस." खाल्लं. काय होतं ते आठवत नाही.

१७ नोव्हेंबर

बाबा घरी. आईने सगळ्या खोल्यांत एकेक घंटी ठेवलीये, त्यांनी वाजवावी म्हणून. ते वाजवत नाहीत. उठून येतात आणि खांद्यावर हात ठेवतात. आई दर वेळी दचकते.

२४ नोव्हेंबर

सांगायचं ठरवलंय. रोज समोर बसून औषध द्यायचं आणि मनात हे ठेवायचं, आता होत नाही. आईचं काय होईल माहीत नाही. तिने मला घराबाहेर काढलं तरी तिचं चुकणार नाही. बाबांचं — ते तर ओरडूही शकणार नाहीत. हाच विचार पुन्हा पुन्हा येतो आणि मी उद्यावर ढकलते. पुढच्या आठवड्यात, म्हणते. बापाची लेक!

२८ नोव्हेंबर

आज नाही.

२९ नोव्हेंबर

नोंदवही त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "मला ऑगस्टपासून माहीत होतं. मी झाकलं. तुमचा आवाज माझ्यामुळे गेला." त्यांनी पानं उलटली, आकडे बोटाने मोजल्यासारखे बघितले. मग पाटीवर बराच वेळ लिहीत होते. मी हातातून ओढूनच घेतली.

"तुझा दोष नाही. मला जूनमध्येच कळलं होतं. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो होतो, एकटाच. उपचार म्हणजे दोन महिने काम बंद. नाटक नुकतंच पुन्हा लागलं होतं. तू गेन वाढवलास तेव्हा कळलं, निभेल."

निभेल! महिनाभर मी — आणि हा माणूस रोज माझ्यासमोर पाठ करून उभा राहायचा, पॅक लावून घ्यायला! इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. मी ओरडले, काय ते आठवत नाही. आई हातातलं टाकून धावत आली.

"काय झालं?"

"त्यांनाच विचार!"

आई त्यांच्याकडे वळली. त्यांनी पाटीसाठी हात पुढे केला. पाटी माझ्याकडे होती. दिली नाही.